फळीवरच्या आठ बरण्या

हाडं नसलेला प्राणी दगडात कसा उरतो, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो मीच अंगावर ओढवून घेतला आणि मग दोन वर्षं त्याच्यावर चिडत राहिले. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी कलकत्त्यातच जन्मले, तिथेच भूशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि तिथेच संशोधनाला लागले. विभागात मी एकटी मुलगी, आणि एकटी मराठी. बरोबरीची बंगाली मुलं मला मागून 'बर्गी' म्हणत. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या घोडेस्वारांनी त्यांच्या मुलखात जी लूटमार केली, तिचा राग बिचारी माझ्यावर काढत. मी त्यांना सांगायची, की माझे आजोबा इथे शाळेत संस्कृत शिकवायला आले होते, त्यांनी लुटली ती फक्त पोरांची झोप.

प्रश्न सुरू झाला तो विभागातल्या एका खणात. नमुन्यांचे खण पुसून त्यांची यादी करायचं काम नव्या माणसाला देतात, तसं ते मला दिलं होतं. सगळ्यात खालच्या खणात तळहाताएवढा एक काळा दगड होता, पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यांचा. त्यावर बोटभर लांबीचा, दगडाहून किंचित जास्त काळा असा एक डाग होता. उजेडात तिरका धरला की डागावर आडव्या वळ्या दिसायच्या, अगदी जवळजवळ, एकसारख्या अंतरावर. एक टोक निमुळतं. चिठ्ठीवर जुन्या शाईत लिहिलं होतं : 'खूण. बहुधा निर्जीव.' मला तो किडा वाटला. एकदा वाटला तो वाटलाच. नंतर कितीही वेळा पाहिला तरी मला त्या जागी डाग दिसेना.

शिंपले, दात, हाडं दगडात सापडतात, कारण ती टणक असतात आणि टिकतात. किड्याचं अंग म्हणजे पाणी आणि मांस. मेला की चार दिवसांत संपला. तो दगडात उमटायचा असेल तर संपण्याच्या आधी कशाने तरी त्याला थांबवायला हवं. कशाने? आमच्याकडे कुणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं. परदेशी नियतकालिकांत एक-दोन लोक मेलेले प्राणी चिखलात पुरून त्यांचं काय होतं ते बघत बसले आहेत, असं मी वाचलं होतं. मला वाटलं, उत्तर चिखलातच असणार. चिखल पुरेसा बारीक असला तर हवा आत शिरणार नाही, आणि हवा शिरली नाही तर अंग जाईल पण आकार राहील. हे मला इतकं उघड दिसत होतं, की ते इतरांना दिसत नाही याचाच मला संताप यायचा.

सर मात्र हसले. ते विभागाचे प्रमुख, उन्हाळ्यातही कोट घालणारे, माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलणारे. म्हणाले, "जे उरलं आहे त्याचा अभ्यास करायला माणसं पुरत नाहीत. जे उरतच नाही त्याच्या मागे तू कशाला लागतेस?" मी हट्ट धरला. हट्ट धरण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. शेवटी ते म्हणाले, "दोन वर्षं. त्यात काही हाती लागलं नाही, तर हा विषय बंद. मग तू शिंपल्यांची मापं घेशील." शिंपल्यांची कपाटं भिंतीला लागून उभी होती. प्रत्येक शिंपल्याची लांबी, रुंदी, जाडी घ्यायची आणि वहीत मांडायची. आधी ते करणारा मनुष्य कंटाळून रेल्वेत चिकटला होता. मला दोन वर्षांत एक तरी किडा उरवून दाखवायचा होता, नाहीतर माझा प्रश्न माझ्याकडून काढून घेतला जाणार होता.

आमच्या इमारतीत पाण्याची सोय नव्हती, म्हणून मला शेजारच्या इमारतीत प्राणिशास्त्राच्या कोठीत एक टेबल दिलं गेलं. कोठीच्या एका भिंतीला मोठी फळी होती. तिच्यावर काचेच्या बरण्यांत साप, बेडूक, मासे आणि दोन तोंडांचं एक वासरू, सगळे फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवलेले. खोलीत पाऊल टाकलं की त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. महिन्याभरात माझं नाक त्याला सरावलं आणि मला तो येईनासा झाला.

कोठी एका म्हाताऱ्या शिपायाच्या ताब्यात होती. साठीचे, काटकुळे, खाकी कोट आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ते मला 'दीदीमणी' म्हणायचे, म्हणजे 'ताईसाहेब'. मी त्यांना 'शुनुन' म्हणायची, म्हणजे 'ऐका'. 'ऐका, ही बरणी धुवा.' 'ऐका, दार उघडं ठेवा.' यापलीकडे मी त्यांच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. उद्धटपणा म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात सतत किडे असायचे आणि शिपायाला ते काय सांगायचे, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. यालाच उद्धटपणा म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सामान गोळा करण्यातच माझ्या नाकी नऊ आले. आज सॉल्ट लेकमध्ये जिथे सरकारी कचेऱ्या उभ्या आहेत, तिथे तेव्हा खारं पाणी आणि मासेमारीची तळी होती. तिथले कोळी माझ्यासाठी चिखलातले किडे काढून द्यायचे. बोटभर लांब, तांबूस, अंगावर वळ्या आणि दोन्ही बाजूंना बारीक केस. माझ्या दगडातल्या डागाला इतकं जवळचं दुसरं काही मिळालं नसतं. गाळ बागबाजारच्या घाटावरून आणायचा, वाळू हावड्याच्या बाजूने, आणि सर्वांत बारीक माती कुमोरटुलीतून, मूर्तिकारांकडून. दुर्गेच्या चेहऱ्याला शेवटचा हात देतात ती. बोटांत धरली तर कण लागत नाही. मूर्तिकार विचारायचा, "कुठली मूर्ती करताय?" मी म्हणायची, "किड्याची." तो मान हलवायचा आणि माती बांधून द्यायचा.

ट्राममध्ये मात्र कुणी मान हलवत नसे. खाऱ्या पाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसले, की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. एकदा डबा लवंडला आणि कंडक्टरने मला भर उन्हात धरमतल्याला उतरवलं. घरी आईचं फर्मान होतं की परसातल्या नळावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. "तुझं ते सडकं शास्त्र उंबऱ्याबाहेर ठेव," ती म्हणायची. आमच्या मराठी मंडळींत कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर ती म्हणायची, "दगडांचं काहीतरी." किड्यांचा उच्चार ती करत नसे.

पहिलं वर्ष निव्वळ फुकट गेलं. पहिल्या खेपेच्या बरण्यांना मुंग्या लागल्या. दुसऱ्या खेपेला उन्हाळ्यात चिखल वाळून तडकला. मातीत काय होतंय ते बघायला बरणी उघडावी, तर अशी दुर्गंधी सुटायची की माझ्या पोटातलं वर यायचं. आत काळं पाणी आणि किड्याचे दोन नखाएवढेही नसलेले जबडे, एवढंच उरलेलं. जबडे टणक असतात, ते उरणारच होते. सरांनी ते चिमट्यात धरून पाहिले आणि म्हणाले, "पाहिलंस? जे उरायचं ते उरतं." मला त्या चिमट्यासकट ते सगळं खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर मी शेवटची खेप मांडली. चोवीस बरण्या. आठांत वाळू, आठांत गाळ, आठांत मूर्तिकारांची माती. प्रत्येकीत एक किडा, वर अर्धं बोट चिखल, त्यावर बोटभर खारं पाणी. वर सैल झाकण. यावेळी मी ठरवलं, की बरण्यांना हात लावायचा नाही. दरवेळी उघडून बघते म्हणून हवा आत जाते आणि घोटाळा होतो. तीन महिने थांबायचं आणि मग सगळ्या एकदम उघडायच्या. मला तो फार शास्त्रीय निर्णय वाटला होता.

टेबलाखाली, मोरीच्या शेजारी, सोळाच बरण्या मावत होत्या. वाळूच्या आणि गाळाच्या मी तिथे ठेवल्या. मूर्तिकारांच्या मातीच्या आठ बरण्या माझ्या लाडक्या. त्यांना झाडणाऱ्याचा पाय लागू नये म्हणून त्या मी भिंतीच्या फळीवर, दोन तोंडांच्या वासराच्या शेजारी मांडल्या. म्हाताऱ्या शिपायांनी जागा करून दिली, बेडूक थोडे सरकवले. मी "हं" म्हणाले असेन.

तीन महिने टेबलाखालून वास येत राहिला. प्राणिशास्त्राच्या लोकांनी दोनदा सरांकडे तक्रार केली. फळीवरून काहीच वास येत नव्हता, आणि त्याचं मला मनातून केवढं बरं वाटत होतं!

बरण्या उघडल्या तो दिवस मी अजून विसरले नाही. वाळूतले किडे गेलेले, गाळातले गेलेले. मग मूर्तिकारांच्या मातीची पहिली बरणी घेतली, ब्रशने माती बाजूला केली, आणि आतून किडा निघाला. अख्खा. वळ्या मोजता येत होत्या. बाजूचे केस दिसत होते. रंग उडालेला, पण अंग तसंच, उलट जरा ताठ झालेलं. दुसऱ्या बरणीतही तसाच. आठच्या आठ! मी खाली जमिनीवर बसले आणि रडले. तो ताठपणा पाहून तर मला वाटलं, दगड होण्याची ही पहिली पायरी असणार. वहीत मी तसं लिहिलंही. दोन पानं लिहिली.

सर स्वतः कोठीत आले. भिंग लावून त्यांनी आठही किडे पाहिले, आणि कोट काढून खुंटीला लावला. असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. खणातला काळा दगड मागवला आणि तो किड्याशेजारी ठेवला. मग म्हणाले, "मी चुकलो." शहरातल्या भूशास्त्रज्ञांचा वार्षिक मेळावा तीन आठवड्यांवर होता. तिथे हे सरांनी वाचावं असा रिवाज. सर म्हणाले, "तूच वाच. काम तुझं आहे." विषय पुढची तीन वर्षं माझ्याकडे राहील, कोठीतल्या टेबलाऐवजी खोली मिळेल, असंही म्हणाले. आईने त्या दिवशी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "म्हणजे ते किडे सडले नाहीत?" मी नाही म्हणाले. "मग चांगलंय," ती म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात आमच्या सगळ्या मराठी घरांत किड्यांची बातमी पोचलेली होती.

शनिवारी विभाग एक वाजता बंद व्हायचा आणि मी घरी यायची, कारण दुपारी आईबरोबर भजनाला जायचं असे. दोन वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता. मेळाव्याच्या आधीच्या शनिवारी मात्र मी भजन बुडवलं. किड्यांची चित्रं काढायची राहिली होती. उघडलेले किडे पुन्हा आपापल्या बरण्यांत ठेवून मी फळीवर लावले होते. त्यांतला एक खाली घेऊन मी कपाटाआडच्या टेबलावर भिंगाखाली धरला होता. दुपारी दोनच्या सुमारास शिपाई आले. मी आहे हे त्यांनी पाहिलं नाही. हातात चहाची मोठी पितळी किटली होती. ते स्टुलावर चढले आणि फळीच्या एका टोकापासून सुरुवात केली. एकेका बरणीचं झाकण उचलायचं, किटलीच्या चोचीतून धार सोडायची, झाकण फडक्याने पुसून लावायचं. साप, साप, बेडूक, मासे, वासरू. आणि मग त्याच हाताने, तितक्याच काळजीने, माझी पहिली बरणी.

"एटा की ढालछेन?" मी ओरडले. हे काय ओतताय?

ते इतके दचकले की किटली हिंदकळली. "ओषुध, दीदीमणी," ते म्हणाले. औषध. कोठीत फॉर्मालिनला सगळे औषधच म्हणत. मेलेल्या जिवाला सडू न देणारं औषध. उन्हाने पातळी खाली जाते म्हणून दर शनिवारी सगळं सामसूम झाल्यावर ते फळीवरची प्रत्येक बरणी काठोकाठ भरायचे. पंचवीस वर्षं भरत होते. फळीवर असलेली वस्तू टिकवायची, हे त्यांचं काम. माझ्या बरण्या तिथे आल्या, त्यांतलं पाणी आटताना दिसलं, म्हणून त्याही भरल्या. पहिल्या शनिवारपासून. उलट ते मला सांगायला लागले, की माझ्या बरण्यांत ते थोडं जास्तच घालत, कारण खालच्या बरण्यांचं काय झालं ते त्यांनी हुंगलं होतं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बंगालीत सुरू केलं, हिंदीत गेले, आणि शेवटी मराठीत, जे त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. गाढव म्हणाले, हे नक्की आठवतं. ते स्टुलावरून उतरले, किटली जमिनीवर ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. त्यांनी काय केलं होतं ते त्यांना समजलेलं नव्हतं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने इतकं ओरडावं असं काहीतरी, एवढंच समजलं होतं. किड्यांना मूर्तिकारांच्या मातीने टिकवलं नव्हतं. माझा ताठपणा, माझी दोन पानं, दगड होण्याची पहिली पायरी, सगळं त्या किटलीतून आलेलं होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने भजनाचं पुस्तक बाजूला ठेवलं, सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "कुणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि शिपायाला, पण त्याला काही कळलेलं नाही."

"मग झालं तर. गप्प बस आणि वाच. तू कुणाचं काही चोरलं नाहीस."

दोन वर्षं जिने माझ्या किड्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता, ती आता त्यांच्यासाठी खोटं बोलायला तयार होती! मला हसूही येईना. तिने आमच्या सगळ्या मराठी मंडळींना मेळाव्याला बोलावून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. मी म्हणाले, असं करता येत नाही. ती म्हणाली, "तुला काहीच सरळ करता येत नाही," आणि पानं वाढायला गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शिपायाचा मला इतका राग आला होता, की सरांपुढे त्याची तक्रार कशी मांडायची त्याची वाक्यं मी मनात घोळवत होते.

सोमवारी सकाळी सरांच्या खोलीत जाऊन मी सांगितलं, की फळीवरच्या आठही बरण्यांत फॉर्मालिन गेलेलं आहे, निकाल खोटा आहे, वाचता येणार नाही. सरांनी लेखणी खाली ठेवली. "कुणी घातलं?" त्यांनी विचारलं, आणि हात आधीच टेबलावरच्या घंटीकडे गेला होता. बाहेर बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, बसायचे, त्यांना बोलवायला. ती घंटी वाजली असती, तर संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याच्या कमरेचा जुडगा दुसऱ्याच्या कमरेला असता. माझी वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी."

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. दया आली असं म्हणावं, तर दया मला आली नव्हती, रागच होता. पण हात जोडून उभा असलेला मनुष्य डोळ्यांपुढे आला आणि तो तिथून हलेना. मी सांगितलं, की फळीवरच्या इतर बरण्या भरताना चुकून माझ्याही भरल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "चुकून? आठही?" मी हो म्हणाले. त्यांनी घंटीवरचा हात मागे घेतला, आणि मला वाटलं त्याहून हळू आवाजात म्हणाले, "मग तुला हे काम जमणार नाही. ज्याला आपल्या बरणीत काय आहे ते ठाऊक नाही, त्याने शिंपल्यांची मापं घ्यावीत. शिंपला खोटं बोलत नाही." विषय त्याच दिवशी बंद झाला. मेळाव्याच्या यादीतून माझं नाव सरांनी स्वतःच्या हाताने खोडलं. पुढची नऊ वर्षं मी शिंपले मोजले.

सरांना सांगितल्यानंतरचे तीन दिवस मला एकाच गोष्टीचा आधार होता. विषय गेला होता, नाव गेलं होतं, विभागातली मुलं 'बर्गी'ऐवजी 'फॉर्मालिन' म्हणू लागली होती. पण मी एका गरिबाची नोकरी वाचवली होती, आणि तेही त्याला न सांगता. हे मी मनातल्या मनात पुनःपुन्हा उगाळत होते. मला मी फार मोठ्या मनाची वाटत होते.

चौथ्या दिवशी मी सामान आवरायला कोठीत गेले तेव्हा शिपाई दारातच उभे होते. बडेबाबूंकडून त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. "दीदीमणी, तुम्ही खोटं बोललात," ते म्हणाले. ते बोलले बंगालीतच, मी इथे मराठीत लिहितेय. "औषध मी घातलं. मी आत्ता साहेबांकडे जातो." मी म्हणाले, जाऊ नका, झालं ते झालं. ते ऐकेनात. मग त्यांना थांबवायला म्हणून मी दार लोटलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं. ते बसले, आणि त्यांनी विचारलं, "पण तुम्ही ते किडे ठेवले होते कशासाठी?"

दोन वर्षांत हे मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी सांगितलं. दगडातला डाग, चिखल, कोणता भाग आधी जातो आणि कोणता मागे राहतो, सगळं. माझी बंगाली शास्त्राला पुरत नसे, म्हणून सोप्या शब्दांत सांगावं लागलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ते सडवायचे होते?"

"हो. सडताना काय मागे राहतं ते बघायचं होतं."

"आगे बोलबेन तो!" त्यांनी कपाळावर हात मारला. आधी सांगायचं ना!

त्यांचं गाव तागाच्या मुलखात होतं, फाळणीत पाकिस्तानात गेलेलं. वडिलांचं सगळं आयुष्य सडवण्यात गेलं, असं ते म्हणाले. तागाच्या जुड्या तळ्यात बुडवायच्या, त्यावर चिखल आणि केळीचे खुंट दाबायचे, आणि वाट बघायची. मऊ असेल ते सडून जातं, धागा राहतो. एक दिवस आधी काढलं तर साल सुटत नाही. एक दिवस उशीर झाला तर धागाच जातो. "तुम्ही कोणत्या दिवशी काढणार होतात?"

"तीन महिन्यांनी."

"आणि मधे?"

"मधे उघडायच्या नाहीत, असं ठरवलं होतं."

त्यांना वाटलं, माझी बंगाली चुकली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "बाबा रोज तळ्यात उतरायचे. कमरेएवढ्या पाण्यात. घाण पाणी, अंगाला खाज सुटायची, आई त्यांना घरात घ्यायची नाही. पण रोज एक काडी उपसून नखाने दाबून बघायचे. न बघता कसं कळणार?" आणि मग, जराही टोमणा नाही, नुसती हळहळ : "पहिल्या आठवड्यात तुम्ही एक बरणी उघडली असती, तर मला तेव्हाच ओरडला असतात, दीदीमणी. बाकीच्या वाचल्या असत्या."

आठ बरण्या होत्या. दर दहा-बारा दिवसांनी एक उघडली असती तरी पुरल्या असत्या. कोणता भाग आधी जातो हा माझा प्रश्न, आणि तो जाताना मी बघितलाच नव्हता. हवा आत जाते वगैरे मी स्वतःला सांगत आले. खरी गोष्ट साधी होती. मला तो वास सहन होत नव्हता. पहिल्या वर्षी बरण्या उघडताना माझ्या पोटातलं वर यायचं, म्हणून दुसऱ्या वर्षी मी न उघडण्याचा नियम केला आणि त्याला शास्त्र म्हटलं.

शिपाई उठले आणि साहेबांकडे निघाले. म्हणाले, खरं काय ते सांगून येतो. मी त्यांना सांगितलं, की जाण्याची गरज नाही. सरांनी विचारलं होतं, कुणी घातलं; त्यांना हवं होतं ते चूक कुणाची एवढंच, आणि मी म्हणाले होते, मी. तीन दिवस मी समजत होते, की मी खोटं बोलले होते.